संकासुराला बोलते करा!

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातील गावागावांत पालख्या नाचतात, नमनाचे खेळे उभे राहतात. काळ्या वेषातील संकासुराला पाहून मुले आधी घाबरतात, मग खदखदून हसतात. शाळेत मात्र कलेचा इतिहास भेटलाच, तर तो अजिंठ्याचा किंवा युरोपातील चित्रकारांचा. अंगणातला संकासुर त्यात नसतो. आत्मविस्मृती म्हणतात ती हीच!

अजिंठ्याची चित्रे भिंतीवर टिकली. नमन टिकले ते खेळ्यांच्या कंठात आणि मृदंग्याच्या बोटांत. एक जाणता खेळ्या गेला, की एक ग्रंथ जातो. म्हणूनच येथे कलावंताची मुलाखत हे इतिहासाचे अस्सल साधन ठरते.

‘आठवणी म्हणजे इतिहास नव्हे,’ असा आक्षेप विद्वान घेतील. मान्य! मग मुलांनी दोन गावांच्या खेळ्यांना तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ताडून पाहावीत. गण, गवळण, सोंगे, चाली कोठे जुळतात, कोठे बदलतात, हे त्यांना उमगेल. सांस्कृतिक विविधतेचा याहून सकस धडा कोणता?

१९८१ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या पिंगुळीत चित्रे दाखवीत कथा सांगण्याची चित्रकथी परंपरा आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शक म्हणून आणावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही सांगते. तेव्हा स्नेहसंमेलनातील शाल-श्रीफळावर समाधान मानणे आता पुरे. कलावंताला वर्गात मानाने बसवा आणि मुलांच्या हाती वही द्या. जाणते आहेत, तोवरच हे शक्य आहे.