तिळगूळ कोणाचा आणि गोड कोणी बोलायचे?

मकरसंक्रांत हा सूर्याचा सण आहे, असे पंचांग सांगते. तो सुगीचा सण आहे, हे वाण सांगते. सुगडात पडणारे हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे आणि गव्हाच्या लोंब्या हा सारा रानातला माल. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हेही थंडीत राबणाऱ्यांचेच अन्न. तमिळनाडूत पोंगल, आसामात माघ बिहू अशी नावे निराळी. पीक हाती आल्याचा आनंद एकच. सूर्याचे म्हणावे, तर त्याचे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेसच सुरू होते. अयनचलनामुळे संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने त्यापासून दूर सरकत आली असून आता काही वर्षी ती १५ जानेवारीस येते. आकाशाचा आधार सुटला तरी सण टिकला, कारण त्याची मुळे मातीत आहेत.

परंतु या सुगीत सर्वांचा वाटा सारखा कधीच नव्हता. ज्या उसाच्या गोडीवर हा सण उभा आहे, तो तोडणारी मराठवाड्यातील कुटुंबे संक्रांतीला घरी नसतात; ती साखर कारखान्यांच्या फडांवर, कोपीत असतात. हळदीकुंकवाच्या ताटातून विधवा वगळली जाते. 'संक्रांत कोसळणे' म्हणजे अरिष्ट ओढवणे, असा अर्थही मराठीने याच शब्दात साठवून ठेवला आहे.

तो अर्थ मराठवाड्यातील दलितांनी अनुभवला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. साडेपंधरा वर्षे सत्याग्रह, मोर्चे व तुरुंगवास सोसल्यावर १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. नामांतराची मागणी तडजोडीत निघाली. तरीही तो दिवस आंदोलकांनी आपला मानला. आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणाऱ्या त्या शहरात दर १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसागर लोटतो. संक्रांत १५ तारखेस गेली, तरी हा दिवस हलत नाही.

तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करणे सोपे आहे. मात्र ज्यांची घरे जळाली त्यांच्याकडून गोडव्याची अपेक्षा करण्यापूर्वी न्यायाचा हिशेब चुकता करावा लागतो. सण टाकून देण्याचे कारण नाही. तो पुरा करावयास हवा. कार्यकर्त्यांनी वाणाचे ताट विधवांपुढेही धरावे, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर तिळगुळासोबत त्यांच्या मजुरीचा प्रश्न न्यावा आणि नामविस्तारदिनी प्रवेशद्वारापाशी पाहुणे म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून उभे राहावे. पीक ज्यांच्या घामाने येते, त्यांच्या पदरात त्याचा वाटा पडेल, तेव्हाच सुगी साजरी झाली असे म्हणता येईल.