येणे बाकी

बोलावणे ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे. हळदीकुंकवाचा निरोप आला नाही, तर शेजारीण दारावरून दहा वेळा जाईल, पण आत पाऊल टाकणार नाही. लग्नाची पत्रिका नुसती टपालाने आली आणि घरी येऊन कोणी सांगितले नाही, तर वर्षभर अबोला धरणारी घरे आमच्या वैभववाडी तालुक्यात आजही आहेत. पुरुषांचे बरे असते. ते तिठ्यावर, चहाच्या टपरीवर बिनबोलावता जाऊन उभे राहतात. बाईला मात्र घराबाहेर पडायला निमित्त लागते आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागते.

हे सांगण्याचे कारण दोन आकडे आहेत. आकड्यांशी माझे नाते जुने आहे. कादंबऱ्या लिहिल्या खऱ्या, पण संसार चालला तो बँकेतल्या नोकरीवर. त्या नोकरीने लावलेली एक सवय सुटत नाही. दोन खात्यांत मोठी तफावत दिसली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारले गेले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत.

दुसरा आकडा त्याच्या वीस वर्षे आधीचा आणि आपल्या महाराष्ट्रातला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या खेड्यांत ऑक्टोबर १९९९ मध्ये याच रोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. तिथे ज्या बायकांना तपासणीला बोलावले, त्यांतल्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी आल्या. कोरडवाहू शेतीच्या, दुष्काळी मुलखातल्या या बायका. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

एकीकडे दोन, दुसरीकडे ऐंशी. ही तफावत कुठून आली?

आधी रोगाविषयी थोडे. गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्याला एचपीव्ही म्हणतात. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आढळतो, की एकाच नवऱ्याबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईलाही होऊ शकतो. तेव्हा चारित्र्याचा प्रश्न इथे कोणी काढू नये. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो आणि मग दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त काळ, पेशींमध्ये बदल करत राहतो. कर्करोगात इतकी लांब मुदत क्वचित मिळते. त्या मुदतीत बिघाड सापडला तर छोट्या उपचारावर भागते, बाई संध्याकाळी घरी येते. मुदत उलटल्यावर मात्र व्याजासकट वसुली होते. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे.

आता उस्मानाबादची हकीकत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. त्या नोंदवहीने दाखवले, की या भागातल्या बायकांना सर्वांत जास्त गाठणारा कर्करोग हाच. मग बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. पहिल्या गटातल्या बायकांची विषाणूची तपासणी, दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन पाहण्याची पॅप तपासणी, तिसऱ्या गटात व्हिनेगरमधले आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. चौथ्या गटातल्या बायकांना रोगाची माहिती दिली आणि उपचार कुठे मिळतात ते सांगितले. तपासणीचे बोलावणे त्यांना गेले नाही. त्या तुलनेसाठी होत्या.

निकाल एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. आठ वर्षांत या रोगाने त्यांतल्या ३४ गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ बायका, आणि गेल्या ६४. तपासणी एकदाच केलेली होती, तरी मृत्यू निम्म्यावर आले. ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांच्यात या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र ठामपणे सांगता येईल एवढा फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

व्हिनेगरची बाजू पुढे मुंबईत सावरली गेली. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तपासणीला बसवले आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या. बारा वर्षांनंतर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. २०१३ साली हे जाहीर झाले. स्वस्त तपासणीही काम करते, पण ती नेटाने पुन्हा पुन्हा करावी लागते, असा त्याचा अर्थ. इथेही निम्म्या बायका तुलनेच्या गटात होत्या. त्यावरून परदेशातल्या काही डॉक्टरांनी नैतिकतेचा आक्षेप घेतला आणि वाद झाला.

लसीची गोष्ट तर याहून नवलाची. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबई आणि देशातल्या इतर काही ठिकाणी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढेच पाहायचे होते. पण आंध्र आणि गुजरातेत चाललेल्या दुसऱ्याच प्रकल्पावरून वादळ उठले. तिथल्या काही मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे चौकशीत दिसले, तरी पालकांची संमती घेण्यातल्या त्रुटी उघड झाल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळेच थांबवले. हजारो मुली एका डोसावरच राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या. २०२१ मध्ये कळले, की एका डोसानेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही मान्यता मिळाली.

आता हिशेब मांडू. तीसपासून पुढच्या बायकांची विषाणूची तपासणी करा, असे जागतिक आरोग्य संघटना आज साऱ्या जगाला सांगते, त्यामागे उस्मानाबादच्या बायका आहेत. एका डोसावर भागते म्हणून गरीब देशांचा खर्च वाचतो, त्यामागे बार्शी-पुण्याच्या मुली आहेत. आणि या सगळ्याचा पाया कोण, तर तुलनेच्या गटातल्या त्या बायका, ज्यांना बोलावणे गेले नाही. त्या ६४ जणींचा आकडा समोर नसता, तर ३४ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. जगाने या बायकांच्या खात्यातून मोठी रक्कम उचलली आहे. आमच्या भाषेत अशा रकमेपुढे 'येणे बाकी' असे लिहितात. ती फेडायची कशी? पुतळे, पुरस्कार नकोत. त्यांच्या लेकीसुनांना, आणि त्यांच्यासारख्याच वैभववाडीतल्या, गडचिरोलीतल्या, धुळ्यातल्या बायकांना ती तपासणी मिळाली, की खाते फिटले.

सरकारी कागदावर हे ठरलेले आहे. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या सूचना केंद्राने २०१६ मध्येच काढल्या. विचारायला गेले की उत्तर मिळते, 'आम्ही शिबिर लावतो हो, बायकाच येत नाहीत.' या उत्तराशी माझे भांडण आहे. बायका येत नाहीत हे खरे असते, तर उस्मानाबादेत ऐंशी टक्के कशा आल्या? तिथे कार्यकर्त्या घरोघर गेल्या होत्या. प्रत्येकीचे नाव लिहिले, तिच्याशी बसून बोलल्या, तपासणी तिच्या आवाक्यात आणली. म्हणजे बोलावणे केले. शिबिराचा फलक हे बोलावणे नव्हे. फलक सगळ्यांसाठी असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो.

आमच्या शेजारच्या एका वहिनींना मी सहज विचारले, तर म्हणाल्या, "काकानू, माका काय्येक जाला नाय. मी कित्याक जाव?" काही झाले नसतानाच जायचे असते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते. त्यांचे शिक्षण कमी म्हणून असे झाले, असेही नाही. मुंबईतल्या शिकल्यासवरल्या घरांतही विचारून पाहा. या अवयवाला आपण साधे नाव दिलेले नाही. 'पिशवी' म्हणून भागवतो आणि पिशवी काढून टाकली की प्रश्न मिटला असे समजतो. कर्करोगाची भीती घालून गरीब बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांकडून आल्या आणि २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या. जिथे साधी तपासणी पोचत नाही, तिथे भीतीचा धंदा पोचतो.

यंत्रणेला बोलावणे जमत नाही, हेही मला पटत नाही. पीककर्जाचा हप्ता दोन हंगाम थकला की खात्यावर अनुत्पादक असा शिक्का बसतो आणि पाच-दहा हजारांसाठी बँकेचा माणूस वाडीवर चालत जातो. निवडणूक आली की घरातल्या प्रत्येक बाईच्या नावाची चिठ्ठी दारात येते. पोलिओच्या वेळी १९९५ पासून घरे मोजली, बाळांच्या बोटांना शाई लावली आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. यादी आहे, आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत. नसते ती फक्त मुदतीची वही. बाईचे नाव, तपासणीची तारीख, निकाल, पुढे कुठे पाठवले, ती पोचली का, आणि पुढची तारीख. एवढे सहा रकाने.

यातला 'पोचली का' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तपासणीत दोष निघाला आणि उपचार झाला नाही, तर त्या तपासणीने बाईच्या पदरात फक्त काळजी पडते. आमच्याकडून मोठ्या इलाजासाठी करूळचा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, नाहीतर खाली गोव्याला बांबोळीला. पावसात घाटात दरड कोसळते. भातलावणीत बाईला सवड नसते. बरोबर कोण जाणार, म्हशीची धार कोण काढणार, हे प्रश्न खरे आहेत. म्हणून लहान उपचार शक्य तितका जवळ, तालुक्यातच व्हायला हवा. विषाणूच्या तपासणीसाठीचा नमुना तर बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. परक्या माणसासमोर जायची लाज हे निमित्तही त्याने उरत नाही.

राहता राहिलो आपण, घरातली माणसे. मुंबईहून मुलगा आईला फोन करतो, आंब्याची चौकशी करतो, रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण देतो. त्यात हा एक प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? नवऱ्याने एक दिवस म्हशी सांभाळाव्यात. नऊ ते चौदा वयाची मुलगी घरात असेल तर लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे वेळेवर तपासणी लागतेच. आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून वास येणारे पाणी जाऊ लागले, तर कोणाच्या बोलावण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

गावासाठी माझी सूचना साधी आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ते-पाण्याच्या हिशेबाबरोबर तीन आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. तपासणीसाठी किती बायकांना घरी जाऊन बोलावले, त्यांतल्या किती आल्या, आणि दोष निघालेल्यांपैकी किती जणींवर उपचार पुरे झाले. पहिल्या वर्षी तिन्ही ठिकाणी शून्य निघेल. तरी ते वाचावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या सभेत विचारायला तेवढे पुरे.