काढलेल्या पिशवीचा जबाब

२०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. जेथे आजार खराच असतो, तेथे तो कोणता, हे ठरवावयाचे कोणी?

अंडाशयातील ग्रॅन्युलोसा पेशींच्या अर्बुदाचे उदाहरण घेऊ. अंडाशयाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते पाच. हे अर्बुद बहुधा इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. रक्त गर्भाशयातून येते म्हणून दोष गर्भाशयाला दिला जातो. 'पिशवी खराब झाली' एवढाच निकाल बाईच्या कानी पडतो. खरा अपराधी शेजारी निवांत वाढत असतो.

सोनोग्राफी गाठ दाखवते, पण तिची जात निश्चित करू शकत नाही. ते काम ऊतिपरीक्षेचे. तीन-चार मायक्रॉन जाडीच्या, रंग दिलेल्या कापात विकृतिशास्त्रज्ञाला कॉफीच्या बीसारखी खाच असलेली पेशीकेंद्रे दिसतात. कधी कॉल-एक्सनर पिंडही दिसतात. इनहिबिनच्या चाचणीने संशय बळावतो. प्रौढ प्रकारच्या जवळजवळ सर्व अर्बुदांत फॉक्स-एल-२ या जनुकात एकच विशिष्ट बदल असतो, हे २००९ साली उघड झाले. त्यामुळे अवघड निदानालाही आधार मिळाला.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. या अर्बुदाला दुसरा उग्र कर्करोग समजल्यास बाईवर नको ते उपचार होतात. साधी गाठ समजल्यास तिला वाऱ्यावर सोडले जाते. आणि हे अर्बुद दहा-वीस वर्षांनीही परत येऊ शकते! म्हणून अहवाल आणि मेणातील नमुना, दोन्ही जपले पाहिजेत.

१९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली आणि या शास्त्राचा भक्कम पाया आपल्याच भूमीत घातला. ते ज्ञान तालुक्याच्या गावी पोहोचण्यास प्रारंभी लागते काय? पुरेशा फॉर्मॅलिनची बरणी, तीवर बाईचे नाव, आणि ती वेळेवर प्रयोगशाळेत नेणारी व्यवस्था. पाण्यात ठेवलेला किंवा फेकून दिलेला अवयव साक्ष देऊ शकत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. काढलेला प्रत्येक अवयव तपासला जावा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ असावा, दुर्मिळ अर्बुदासाठी मोठ्या केंद्राचे दुसरे मत विनामूल्य मिळावे आणि अहवाल मराठीत समजावून बाईच्या हाती द्यावा. कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाताना 'ऑपरेशन झाले का?' एवढेच विचारून थांबू नये; 'तपासणीचा कागद कोठे आहे?' हेही विचारावे. आपल्या देहातून काय काढले आणि का काढले, हे जाणण्याचा हक्क मजूर बाईलाही आहे.