'टेलिजेनिक' आणि 'पत्री' : दोन शब्दांचा थ्रेड

१/ 'टेलिजेनिक' म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शोभून दिसणारा. हा शब्द 'फोटोजेनिक'च्या साच्यातून निघाला. १८३९ मध्ये हेन्री फॉक्स टॅलबॉट याने आपल्या प्रकाशचित्रांना 'फोटोजेनिक ड्रॉइंग' म्हटले, तेव्हा त्याचा अर्थ होता 'प्रकाशातून जन्मलेले'. पुढे विसाव्या शतकात तोच शब्द छायाचित्रात देखण्या दिसणाऱ्या चेहऱ्याला लागला आणि टेलिव्हिजन आल्यावर त्याला 'टेलिजेनिक' हे भावंड मिळाले.

२/ म्हणजे जो शब्द 'कसे जन्मले' हे सांगत होता, तो 'कसे दिसते' एवढेच सांगू लागला. आपल्या इतिहासाचीही हीच गत झाली आहे, हा माझा आक्षेप.

३/ उदाहरण घरचेच घेऊ. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याची कुंडल, वाळवा ही प्रमुख गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

४/ या प्रतिसरकारवरची रील उघडा. दिसते काय? घोड्याचा नाल, खिळा आणि फितुराचा तळपाय. का, तर म्हणे 'पत्री सरकार'! वास्तविक 'प्रति'चे लोकांच्या तोंडी 'पत्री' होणे अगदी स्वाभाविक आहे. 'पत्र्या मारणे' हा वाक्प्रचार तळव्यांवर काठीचे फटके देण्याच्या शिक्षेला लागला. उपमा होती, पडद्याने तिचा खिळा केला.

५/ फटक्यांची शिक्षा सौम्य होती, असे मी म्हणत नाही. ती क्रूरच होती आणि तिची चिकित्सा व्हायलाच हवी. पण चिकित्सा घडलेल्या गोष्टीची करायची, की कॅमेऱ्याला भावलेल्या गोष्टीची?

६/ कॅमेऱ्याला न भावणारे बरेच आहे. गावोगावची न्यायदान मंडळे. सावकाराच्या तावडीतून सोडवलेल्या जमिनी. दारूबंदी. कमी खर्चात उरकलेली 'गांधी लग्ने'. पारावर बसून चार माणसे बांधाचा तंटा मिटवतात, हे दृश्य टेलिजेनिक नाही. राज्य मात्र त्यातूनच जन्मले होते.

७/ कोणी म्हणेल, निदान रीलमुळे पोरांना नाव तरी कळते. मान्य. पण कोणते नाव? ब्रिटिश सरकारच्या लेखी ही माणसे गुंड आणि दरोडेखोर होती. केवळ नाल-खिळ्यांचे प्रतिसरकार दाखवताना आपण पार्श्वसंगीत बदलतो. चित्र त्या सरकारचेच राहते.

८/ ज्यांनी ते दिवस पाहिले, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. म्हणून पुढची रील पुढे पाठवण्याआधी एकदा कुंडलला जा आणि एकच प्रश्न विचारा : तुमच्या गावातला तंटा तेव्हा कोण मिटवत असे? उत्तर पडद्यावर शोभणार नाही. इतिहास मात्र तिथेच सापडेल.