आमचे यान कोणी अडवले?

मराठी माणसाला कीर्तन कळते, वगनाट्य कळते, सासू-सुनेचे भांडण तर फारच चांगले कळते. विज्ञानकथा तेवढी कळत नाही, अशी एक लोणकढी थाप आमच्या दूरचित्रवाणीच्या दारात वर्षानुवर्षे पहारा देत बसली आहे. दिवाळीला घराची जळमटे काढतात, तेव्हा हेही एक जळमट काढून टाकावे, असे आम्हांस वाटते.

मराठीला हे वाण नवे का आहे? ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर १९०० सालीच 'केरळकोकिळ' मासिकातून मराठीत उतरू लागली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न घरोघरच्या मुलांच्या हाती दिला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली तिच्या कथास्पर्धेत कोणा नारायण विनायक जगतापांच्या 'कृष्णविवर' कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर निघाले! मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे पडदा आला तेव्हा कथा तयार होती, वाचक तयार होता. पुढे हिंदीत 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ साली 'कॅप्टन व्योम' आली. मराठीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी परंपरा काही उभी राहिली नाही.

का, तर म्हणे पैसा नाही! या सबबीचा जरा समाचार घेऊ. लंडनमध्ये बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' सुरू केले, ते काही कुबेराच्या भांडारातून नव्हे. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचा जन्म असलेले, पंचविशीच्या आतले. कालप्रवासाचे यंत्र म्हणून त्यांच्यापुढे आले रस्त्याकडेचे पोलिसी टेलिफोनचे खोके. यंत्र रूप पालटते, पण बिघडल्यामुळे खोकेच राहिले, अशी पळवाट कथेतच घातली आणि दर वेळी नवे यान बांधण्याचा खर्च वाचवला. पुढे त्यांनी जे भयंकर यंत्रराक्षस आणले, त्यांचा एक हात म्हणजे मोरीचे तुंबलेले भोक मोकळे करण्याचा रबरी दट्ट्या! तिकडे अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी 'स्टार ट्रेक' सुरू झाले. दर आठवड्याला परग्रहावर यान उतरवणे परवडेना, म्हणून माणसेच क्षणात विरघळवून खाली पाठवण्याची युक्ती निघाली. जगाने ती अद्‌भुत कल्पना म्हणून डोक्यावर घेतली. मूळ कारण रिकामा खिसा!

दुसरी सबब प्रेक्षकसंख्येची. 'स्टार ट्रेक'ही १९६९ साली, ७९ भागांनंतर, बंदच केले होते. पण पुनःप्रक्षेपणात ते घरोघर रुजले आणि १९७९ साली त्याचा चित्रपट निघाला. आंब्याची कोय पुरून चौथ्या दिवशी फळ मागणाऱ्यांनी बागाईत करू नये.

आता आमच्या मुलखाकडे पाहा. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सिंहगडावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला, तरी वेल्ह्याकडच्या पासलीसारख्या, डोंगरांनी वेढलेल्या गावाची अडचण कोणालाही समजेल. आज ती अडचण उपग्रहाने दूर केली आहे. परदेशांतली याने तोरणा ओलांडून पासलीत उतरू शकतात. उतरत नाही ते मराठी यान! तोरण्यावर धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही परंपरा तिथल्या पोरांना पाठ असते. कालयंत्रात बसून ती पोरे त्या दिवसांत गेली, तर कथेला काय तोटा? 'डॉक्टर हू'चा पहिला प्रवास आदिमानवांकडे होता. त्यासाठी लंडनकरांना स्टुडिओत गुहा उभाराव्या लागल्या. आमचे गड तर बांधून तयार आहेत! आणि याच पुणे जिल्ह्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातले रेडिओ संदेश टिपत आहेत. विश्वाचे बोलणे ऐकणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाने परग्रहाची गोष्ट मात्र नेहमी परक्या भाषेतच ऐकावी, हा कुठला न्याय? भविष्यकाळात आपली भाषा बोलणारे कोणी दिसलेच नाही, तर तो काळ दुसऱ्यांचा आहे, असेच ते मूल समजणार.

दोष एकट्या वाहिन्यांचा नाही. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या वर्षानंतर बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरे वर्ष पदरात पाडून घेतले. आम्ही मात्र समोर येईल ते पाहतो, पाहता पाहता नाके मुरडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाहतो. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारल्यावर एक पत्र लिहा. आम्हांला विज्ञानकथा मराठीत पाहायची आहे, एवढे एकच वाक्य त्यात पुरे. खाली घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रेक्षकाला कळत नाही म्हणणाऱ्यांना प्रेक्षकाचे अक्षर तरी कळते की नाही, ते पाहू!