नॉक सेन्सर हवाच का?

चालक बंधूंनो, 'नॉक सेन्सर नसला तरी गाडी चालते' असे काही मिस्त्री सांगतात. चालते, हे खरे. जुन्या पद्मिनी टॅक्सीला तो नव्हताच. मिस्त्री कानाने ऐकून, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावीत. आजच्या पेट्रोल गाडीत तो कान म्हणजे इंजिन ब्लॉकवरचा हा सेन्सर. भरल्या गाडीने चढ चढताना टकटक झाली, की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी थोडी मागे घेतली जाते. तो बिघडला तर बहुतेक गाड्यांत ठिणगी मागेच राहते. पिकअप जातो, पेट्रोल जास्त जळते. जोराची टकटक तशीच चालू राहिली तर पिस्टनही फुटू शकतो. म्हणून इंजिनचा दिवा लागताच आधी वायर व बोल्ट तपासून घ्या. सेन्सरचे पैसे वाचवून इंजिनचे काम ओढवून घेऊ नका.