बरा झालेला डोळाही तपासा

टोमॅटोच्या तोडणीत उभ्या असलेल्या तिशीतल्या बाईला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. डोळा फिरवला की दुखतो, लालबुंद टोमॅटो विटका दिसतो. काही आठवड्यांत दिसणे सुधारते आणि डॉक्टरांकडे जायचे राहून जाते. वर्ष-दीड वर्षाने पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. ‘अशक्तपणा असेल, नस दबली असेल,’ असे घरचे म्हणतात. जुन्या डोळ्याची आठवण कुणालाच होत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, अशीच हातून निसटते. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील आवरणावरच हल्ला करते. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. बायकांत जास्त आढळतो.

हे दुखणे पाश्चात्त्यांचे, ही समजूतही आता सोडायला हवी. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएसचे प्रमाण लक्षणीय असल्याचे 1990मध्येच दाखवून दिले होते.

हे निसटणे थांबवायला पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावकडे एक जमेची बाजू आहे. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभ्या केलेल्या नेत्रसेवेमुळे डोळे तपासून घेण्याची सवय या भागाला आहे. 2024मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोतीबिंदू शोधणाऱ्या शिबिरांत तरुण रुग्णांना दोन प्रश्न जादा विचारले जावेत: पूर्वी एका डोळ्याने अचानक अंधुक दिसून आपोआप सुधारले होते का? हातापायाला कित्येक दिवस मुंग्या किंवा बधिरपणा होता का? अशी प्रत्येक तक्रार एमएसची नसते. पण उत्तर ‘हो’ आले, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. एमआरआयची गरज ते ठरवतील. एमएस मुळापासून बरी करणारे औषध नाही, मात्र लवकर सुरू केलेल्या औषधांनी पुढचे झटके कमी होतात. म्हणून उशीर महाग पडतो.

निदानानंतरही शेत सुटत नाही. अंग तापले की लक्षणे तात्पुरती बळावतात, गारव्यात ओसरतात. एप्रिल-मे महिन्यांत अशा बाईला सकाळचे काम आणि दुपारी सावली मिळाली, तर तो कामचुकारपणा नव्हे.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एमएस आहे. तरीही धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाला ‘तुम्हाला काय झालंय?’ असे ऐकावे लागते. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपी आणि दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी एकत्र ठेवली, तर भीमाशंकरकडच्या वाड्यांतून येणाऱ्यांचे पुण्याचे हेलपाटे आणि बुडणारी मजुरी दोन्ही वाचतील.